खांदाही काकांचा, बंदूकही काकांची

आमच्या शाखेच्या दाराशी स्टुलावर बंदूक घेऊन जे बसतात त्यांना सगळे बाराकाका म्हणतात. आईबापांनी ठेवलेलं नाव आहे, पण ते ओळखपत्रावरच राहिलंय. बंदूक बारा बोअरची, म्हणून बारा. शिवाय काकांकडे सांगायला गोष्टी बाराच आहेत आणि त्या बाराही बोअर आहेत, हा आमच्या शिपायाचा विनोद. काकांना तो माहीत आहे. "निदान माझं नाव गोष्टींवरून तरी पडलं," म्हणतात, "तुझं पडलं असतं तर टकलावरून पडलं असतं."

मी कॅशियर. माझा जाळीचा पिंजरा बरोबर दारासमोर येतो, त्यामुळे दिवसभर मान वर केली की काका दिसतात. गुडघ्यांमध्ये बंदूक उभी, नळीवर दोन्ही हात, आणि हातांवर हनुवटी टेकवायची फार इच्छा झालेली, पण टेकवायची नाही. ग्राहक त्यांच्याजवळ ओल्या छत्र्या ठेवतात, पिशव्या ठेवतात, एक आजी तर काठीही ठेवते. एवढ्या वर्षांत काकांनी बँकेत एकही बार काढलेला नाही. शिपाई म्हणतो, दरोडेखोर आलेच तर काका त्यांना आधी टोकन घ्यायला लावतील.

बाराकाकांची पाचवी गोष्ट एवढ्यासाठी सांगते की ती पुढे लागणार आहे. ती गोष्ट नाहीच, तक्रार आहे. कुणी विचारलं, "काका, बंदुकीत गोळ्या आहेत ना?" की काका सुरू होतात. "गोळ्या पिस्तुलात असतात. बारा बोअरला काडतूस म्हणायचं. गोळी एक असते, एकीकडे जाते. काडतुसात छर्रे असतात. माझे वडील गोळी म्हणणाऱ्याला दारात उभं करायचे नाहीत." मग वडील, वडिलांचं बागेवरचं राखणदाराचं काम, डुकरं, वगैरे. मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, काडतूस म्हणा नाहीतर कडबोळं म्हणा, ज्याला लागायचं त्याला लागतंच ना?" दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

बंदूक त्यांच्या वडिलांचीच. काका स्वतः एका छापखान्यात पुस्तकांची बांधणी करायचे. छापखाना बंद पडला, तोवर चाळिशी उलटलेली. तेव्हा या सुरक्षा कंपनीच्या माणसाने त्यांना सरळ सांगितलं, माणसं पायलीची पन्नास मिळतात, स्वतःची परवान्याची बंदूक असलेला माणूस मिळत नाही. म्हणजे नोकरी खरं तर बंदुकीला लागली. काका तिच्याबरोबर आले.

आणि बंदूक स्वतःची म्हटल्यावर संध्याकाळी ती स्वतःच्या घरी जाणार. काकूंनी जुन्या फुलाफुलांच्या पडद्याची खोळ शिवून दिलीय. बसमध्ये लोक विचारतात, काय वाजवता? काका म्हणतात, अजून काही वाजवलं नाही. काकू बंदुकीला सवत म्हणतात. "आली का माझी सवत? तिला आधी नीट टेकवा, मग चहा देते." हे काका आम्हाला रोज सांगायचे आणि रोज हसायचे. मी त्यांच्या घरी एकदा गेले होते. दोन खोल्या, पलीकडे मोरी, पलंगाखाली पत्र्याची लांब पेटी. बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून काकांचा धाकटा भाऊ बसला होता आणि धुतलेले कपडे घड्या घालून रचत होता. इतक्या नेटक्या घड्या मी दुकानातसुद्धा पाहिल्या नाहीत.

या धाकट्याची हकीकत थोडक्यात सांगते, कारण लांबवायला मला बरं वाटत नाही. तो मालट्रक चालवायचा. एका वळणावर उलट्या बाजूने मोटारसायकल आली आणि चाकाखाली गेली. त्यावर एक बाप होता आणि त्याची मुलगी होती. कोर्ट म्हणालं, चालकाची चूक नाही. घरचे म्हणाले, तुझी चूक नाही. तो सगळ्यांना हो म्हणाला, आणि त्यानंतर ट्रकवर चढला नाही. पुढे सायकलवरही बसेना. बायको काही महिने थांबली आणि माहेरी गेली. तिलाही किती नावं ठेवायची? तेव्हापासून तो दादा-वहिनीकडे आहे. भांडी घासतो, धूळ पुसतो, भाजी निवडतो, आणि झोपत नाही.

एका सोमवारी काका डब्याला हात लावेनात. मागच्या खोलीत आम्ही जेवायला बसतो तिथे भिंतीकडे बघत बसले होते. मी म्हटलं, "काय झालं? काकूंनी सवतीला बाहेर काढलं की काय?"

"काल बंदुकीला तेल लावत होतो, ताई." मी त्यांच्यापेक्षा बरीच लहान, पण त्यांनी मला पहिल्या दिवसापासून ताईच केलंय. "धाकटा शेजारी येऊन बसला. मला बरं वाटलं. इतक्या दिवसांनी आपणहून बसला. म्हणाला, दादा, हिचा बार किती लांब ऐकू जातो रे? मी आपला सांगितलं, दोन गल्ल्या तरी. तर म्हणाला, म्हणजे वहिनी बाजारात गेलेली असेल तर तिला ऐकू येणार नाही."

मी हातातला घास खाली ठेवला.

"मी काय करू, ताई?" काका म्हणाले.

जे जे करण्यासारखं होतं ते त्यांनी केलं, हे मला मुद्दाम सांगायचंय. डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर चांगले होते. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, दर महिन्याला बोलावलं, आणि विचारलं, घरात काही हत्यार आहे का? काका म्हणाले, आहे. डॉक्टर म्हणाले, ते आधी घराबाहेर काढा. काका हो म्हणून बाहेर आले आणि संध्याकाळी बंदूक खोळीत घालून घरीच घेऊन गेले. दुसरीकडे नेणार कुठे? परवाना त्यांच्या नावाचा. शेजाऱ्याकडे ठेवली तर गुन्हा. ठाण्यात विचारलं तर हवालदार म्हणाला, कायमची जमा करा, पावती देतो. रोज ठेवायला आणि रोज न्यायला हा काय सायकलतळ आहे? आमच्या व्यवस्थापकांना विचारलं, रात्री बँकेत ठेवू का? ते म्हणाले, "बँकेत लोकांची ठेव ठेवतात, दारूगोळा नाही." स्वतःच्या वाक्यावर खूश होऊन ते वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. मला त्यांच्या टेबलावरचा कागददाब त्यांच्याच डोक्यात घालावासा वाटला.

शेवटी काडतुसांची सोय मी केली. बंदूक घरी जाणारच असेल तर निदान रिकामी जाऊ दे. काकांकडे पाचच काडतुसं होती. रोज संध्याकाळी रोकड मोजून झाली की ती माझ्या लोखंडी पेटीत जाते, पेटीला कुलूप लागतं आणि पेटी तिजोरीच्या खोलीत. फाटक्या नोटांचा कप्पा असतो त्यात काका रुमालात बांधलेली ती पाच काडतुसं ठेवायचे आणि सकाळी परत घ्यायचे. हे नियमात बसत नाही. नियमात काहीच बसत नव्हतं, म्हणून तर हे केलं. पेटी उचलून नेईपर्यंत काका जाळीपाशी उभे राहायचे आणि रोज तेच विचारायचे, "ताई, पेटी बंद केली ना?"

"केली, काका."

"नक्की?"

"ओढून बघा हवं तर."

आणि ते खरंच ओढून बघायचे. तिकडे काकू बंदुकीच्या पत्र्याच्या पेटीची किल्ली रोज नव्या जागी लपवायच्या. एक दिवस डब्यांमागे, एक दिवस घड्याळामागे.

असं चाललं असताना बातमी आली. नवीन नियम होणार होता. जे रखवालदार स्वतःची बंदूक घेऊन नोकरी करतात, त्यांनी ती रोज संध्याकाळी ठाण्यात जमा करायची आणि सकाळी परत न्यायची. त्या दिवशी काकांनी अख्ख्या शाखेला चहाबरोबर बिस्किटं दिली. शिपायाने विचारलं, "काका, लग्न ठरलं की काय?" काका म्हणाले, "सवत नांदायला जातेय!" मी त्यांना इतकं मोकळं हसताना कितीतरी दिवसांनी पाहिलं. मलाही हलकं वाटलं. वाटलं, सरकारला कधीतरी चुकून अक्कल येते.

दुसऱ्याच दिवशी कंपनीचा सुपरवायझर आला. मोटारसायकल बंद न करताच काकांना बाहेर बोलावलं. नियम आला तर कंपनी स्वतःच्या बंदुका घेणार आणि त्या चालवायला तरुण पोरं ठेवणार. ठाण्यात रोज सकाळी रांगेत उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची वाट बघायला बँका थांबत नाहीत. "तेव्हा काका," तो म्हणाला, "संघटनेत जा. सगळ्या गनमननी जायचं ठरलंय. जो जाणार नाही त्याला नियम हवाय असंच आम्ही समजू."

संघटना म्हणजे परवानाधारक हक्क संघटना. तिचे अध्यक्ष आमचे मोठे खातेदार, दगडाच्या खाणीचे मालक. ते आले की व्यवस्थापक स्वतः दार उघडायला धावतात, त्यामुळे काकांना दारावर काही कामच उरत नाही. अध्यक्षांच्या शर्टाखाली कमरेला फुगवटा असतो. तो पाकिटाचा नाही हे सगळ्यांना कळावं इतपत ते शर्ट वर सरकवतात. मला तो माणूस आवडत नाही. पण खोटं कशाला बोलू, काकांशी तो प्रेमाने बोलला. व्यवस्थापकांच्या खोलीत न जाता स्टुलाशेजारी उभा राहिला.

"काका, माझ्याकडे सहा हत्यारं आहेत. नियम आला तरी माझं काही बिघडत नाही. बिघडणार तुमचं. आज म्हणतात रात्री जमा करा, उद्या म्हणतील सकाळी मिळणार नाही. बंदूक तुमच्या वडिलांची ना?"

"हो, वडिलांची."

"मग? वडिलांची वस्तू स्वतःच्या घरात ठेवायचा तुम्हाला हक्क नाही? वर्गणी नको तुमची. सभासद व्हा, आणि नियमाबद्दल लोकांचं म्हणणं ऐकायला सरकारचे मोठे साहेब बसणार आहेत, त्यांच्यासमोर चार शब्द बोला. आमच्यासारखे बोलले की लोक म्हणतात पैशाचा माज. तुम्ही गणवेशात बोललात की ऐकतील."

काका म्हणाले, घरी विचारून सांगतो.

दुपारी डबे उघडले तेव्हा काकांनी मला विचारलं, "ताई, होऊ का सभासद?"

मी भडकलेच. "दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून लोक बार काढतात हे ऐकलं होतं, काका. इथे तर खांदाही तुमचा आणि बंदूकही तुमची. त्यांना फक्त आवाज हवाय. ज्या नियमासाठी तुम्ही बिस्किटं वाटलीत तो नको म्हणून तुम्हीच साहेबाला सांगणार? आणि रात्री घरी जाऊन काय कराल? धाकट्यावर पहारा?"

"पहारा तर रोजच करतो."

"मग होऊ नका सभासद."

"आणि नोकरी गेली की खाऊ काय?"

"दुसरी बघा."

काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली. साठीला आलेला माणूस, येतं काय, तर पुस्तकं शिवायला. पुस्तकं आता यंत्रं चिकटवतात.

"काकू काय म्हणाल्या?" मी आवाज खाली आणून विचारलं.

"ती म्हणाली, हो सभासद. मला वाटलं होतं नाही म्हणेल, इतकी वर्षं सवत सवत करतेय. तर म्हणाली, सवतीने घर चालवलं हे मला माहीत नाही का? धाकट्याच्या गोळ्या कुणाच्या जिवावर येतात?" मग हळूच म्हणाले, "खरंय तिचं. त्याच्या गोळ्या बंदुकीवरच चालतात, ताई."

बोलून गेल्यावर दोघांनाही ते वाक्य ऐकू आलं. काकांनी डबा झाकला. मीही झाकला.

मला अजूनही प्रामाणिकपणे वाटतं की त्या दिवशी कुणी शहाणा माणूस तिथे बसला असता तर त्यालाही उत्तर सापडलं नसतं. नियम आला तर नोकरी जाणार, नोकरी गेली की औषध बंद, आणि औषध बंद झालं की धाकट्याचं काय होणार हे डॉक्टरांनी न सांगताही कळत होतं. नियम नाही आला तर रात्री बंदूक पलंगाखाली. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं असं लोक सहज म्हणतात. काकांचं तर दोन्हीकडून चावत होतं.

"धाकट्याला विचारलंत?" मी म्हटलं.

"त्याला काय विचारू? त्याला यातलं काही माहीत नाही. किल्लीचं माहीत नाही, काडतुसांचं माहीत नाही. बिचारा आपला कपडे घड्या घालतो."

काका सभासद झाले. छातीवर लावायचा पितळी बिल्ला मिळाला, त्यावर दोन बंदुका एकमेकींना तिरक्या. शाखेत शिरताना ते तो काढून खिशात ठेवायचे. कुणाला वाटेल बँकेच्या नियमामुळे. तसं नव्हतं, माझ्यासमोर त्यांना तो नको होता.

मोठ्या साहेबांपुढे जायच्या दिवशी मी अर्धी रजा टाकून गेले. का गेले ते मलाच नीट सांगता येत नाही. काकांचा राग आला होता, आणि त्यांना एकटं सोडवतही नव्हतं. लांबलचक खोली, वर पंखे, खुर्च्या कमी आणि माणसं जास्त. कमरेला फुगवटे असलेले लोक खुर्च्यांवर बसले होते आणि गणवेशातले गनमन भिंतीला लागून उभे होते. आपापल्या हक्कांसाठी आलेली माणसंसुद्धा बरोबर आपापल्या जागी उभी राहतात. काकांना मात्र पुढे खुर्ची दिली होती.

साहेब थकलेला माणूस होता. अध्यक्षांचं लांब भाषण त्याने डोळे अर्धे मिटून ऐकलं. मग काका उठले. वडिलांची बंदूक, बाग, डुकरं, हे सगळं त्यांनी सांगितलं. म्हणजे त्यांची पहिली गोष्टच. पण इथे कुणी जांभई दिली नाही. तीच गोष्ट पहिल्यांदा लोक कान देऊन ऐकत होते, आणि मला रडू यायला लागलं.

साहेबाने विचारलं, "काका, एकच सांगा. रात्री बंदूक घरात असते. घरात कोण कोण असतं?"

"बायको असते, साहेब. आणि धाकटा भाऊ."

"भाऊ काय करतो?"

"ट्रक चालवतो," काका म्हणाले. मग म्हणाले, "चालवायचा."

"म्हणजे घरात हत्यार ठेवायला धोका असा काही नाही?"

सगळी खोली काकांकडे बघत होती. त्यांच्या हाताला बंदुकीची इतकी सवय की नसलेल्या नळीवर हात ठेवल्यासारखे ते दोन्ही पंजे पुढे धरून उभे होते. एका क्षणी त्यांची नजर माझ्यावर आली. मी खाली बघितलं. मी वर बघितलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं का? आणि सांगितलं असतं तर पुढच्या महिन्याचं औषध मी आणून देणार होते का?

"नाही, साहेब," काका म्हणाले. "घर सुरक्षित आहे."

नियम मागे पडला. निदान पुढच्या विचारापर्यंत, असं साहेब म्हणाला, आणि सरकारचा पुढचा विचार कधी येतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. बाहेर जिन्यावर लोक काकांची पाठ थोपटत होते. अध्यक्षांनी त्यांना जवळ घेतलं. "काका, तुम्ही जिंकून दिलंत. आता सांगा, संघटनेने तुमच्यासाठी काय करायचं? लाजू नका."

काका लाजले. मग म्हणाले, "काही नको, साहेब. गोळ्यांचा खर्च तेवढा फार होतो. महिन्याच्या महिन्याला."

"गोळ्यांचा? बस एवढंच? आम्ही असताना गोळ्यांची काळजी करता? पाठवतो. दुपारी घरी कोण असतं?"

"धाकटा असतो. त्याच्याच हातात द्या, साहेब. फार उपकार होतील."

मी दोन पायऱ्या वर उभी होते. मीही सगळं ऐकलं. मलाही ते औषधच वाटलं. वाटलं, चला, माणूस इतका वाईट नाही. काकांचा चेहरा उजळला होता. जन्मभर ज्यांनी काडतुसाला कधी गोळी म्हटलं नाही, त्यांच्या घरी गोळ्या म्हणजे एकच, धाकट्याच्या. आणि कमरेला पिस्तूल लावणाऱ्या माणसाकडे गोळ्या म्हणजे दुसरं काही नसतंच.

चार-पाच दिवसांनंतरची गोष्ट. ग्राहक संपत आले होते आणि मी रोकड बांधत होते. दारात गडबड ऐकू आली म्हणून मान वर केली. काका स्टुलावरून उठून उभे होते आणि कुणाचा तरी दंड धरून हलवत होते. "आला! ताई, हा बघा कोण आलाय! एकटा आला! बसने आलास? बसने आला, ताई!"

धाकटा होता. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. हातात कापडी पिशवी. काकांच्या हातातून दंड सोडवून तो माझ्या जाळीसमोर आला. समोर एक बाई पासबुक घेऊन उभी होती, तर तिच्यामागे रांगेत उभा राहिला. तिचं होईपर्यंत थांबला. मग पुढे येऊन त्याने पिशवीतून एक खोका काढला आणि जाळीखालून आत सरकवला. रंगीत कागदात बांधलेला, वर संघटनेच्या तिरक्या बंदुका, आणि लहान आकाराच्या मानाने फारच जड. कागदाची एक बाजू नीट उघडून पुन्हा घडीत बसवलेली होती.

मी आत बघितलं. तांबड्या काडतुसांच्या पितळी बुडांच्या रांगा होत्या. पंचवीस.

"हे पण तुमच्या पेटीत ठेवा, ताई," तो म्हणाला. "रुमालाशेजारी."

मी खोक्याचा कागद पुन्हा झाकला. "तुम्हाला... कुणी सांगितलं?"

"दादा झोपेत बोलतो, रुमालाचं, काडतुसांचं. रोज विचारतो, ताई, पेटी बंद केली ना. मी जागाच असतो, मीच म्हणतो, केली." तो जरासा हसल्यासारखा झाला. "किल्लीचंही माहीत आहे. डब्यांमागची धूळ मीच पुसतो. किल्ली उचलून पुसतो आणि परत ठेवतो. वहिनीला सांगू नका, ती फार कष्टाने जागा शोधते."

"कधी आलं हे?"

"काल दुपारी. माणूस म्हणाला, काकांच्या गोळ्या. तुमच्याच हातात द्यायला सांगितल्यात."

काल दुपारी. म्हणजे संध्याकाळी बंदूक घरी गेली तेव्हा हा खोका तिथेच होता. जाळीची कड धरून मी विचारलं, "मग रात्री?"

"रात्री उशाशी होता," धाकटा म्हणाला. तो खोक्याकडे बघत होता, माझ्याकडे नाही. "दादाने झोपेत विचारलं, पेटी बंद केली ना. काल कुणी उत्तरच दिलं नाही. म्हणून आणला." मग त्याने पिशवीची चौकोनी घडी घातली, कडा जुळवून, कपड्यांची घालतो तशी. "आज आणला, ताई. पुढच्या वेळी जमेलच असं नाही."

मला त्याचा हात धरायचा होता. मध्ये जाळी होती. खालच्या फटीतून नोटा जातात, हात जात नाही.

तेवढ्यात काका मागून आले. त्यांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला. आनंदाने त्यांचा आवाज चढला होता. "काय रे, गोळ्या मिळाल्या का? अध्यक्षांनी पाठवतो म्हटलं होतं."

"मिळाल्या, दादा."

"बघ! मी म्हटलं नव्हतं? माणूस शब्दाचा पक्का आहे."

आतून अधिकाऱ्याने हाक मारली, पेटी द्या, तिजोरी बंद करायचीय. मी फाटक्या नोटा काढून बाजूला ठेवल्या, काकांनी दिलेला रुमाल कोपऱ्यात दाबला आणि खोका त्या कप्प्यात कोंबला. कागद फाटला. झाकण खाली दाबलं तर बोटभर फट राहिली. खोका आडवा केला, उभा केला, दोन्ही हातांनी जोर लावला.

जाळीपलीकडे काका रोजच्यासारखे उभे होते. शेजारी धाकटा.

"ताई, पेटी बंद केली ना?"

धाकटाही उत्तराची वाट बघत होता, आणि माझ्याच्याने झाकण बसेना.